योगक्षेम कोण वाहतो?

परभणीहून औंढा नागनाथाच्या दर्शनास निघालेल्या भाविकास वाटेत जवळा बाजार हे गाव लागते. गावाच्या नावातच बाजार आहे. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती असून हंगामात आसपासच्या खेड्यांतील शेतमालाची पोती येथे उतरतात, भाव पुकारला जातो, कोणी समाधानाने तर कोणी मान खाली घालून परत फिरतो. याच गावी, मृग नक्षत्राच्या आगेमागे, शेगावहून पंढरपुरास निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी नर्सी व औंढा करीत येते. बाजाराची वाट आणि देवाची वाट येथे एकच आहे. म्हणूनच की काय, या परिसरातील भाविक देवापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या मनातील प्रश्न बहुधा मोक्षाचा नसतो. तो पेरणीचा, मुलीच्या लग्नाचा, बँकेच्या हप्त्याचा, सुटलेल्या नोकरीचा असतो. "देवा, उद्याचे कसे होईल?" एवढेच तो विचारतो.

या प्रश्नास हलके मानण्याचे कारण नाही. पोटाची चिंता ही भक्तीतील उणीव आहे, असे काही कीर्तनांतून सुचविले जाते. परंतु ज्याच्या घरी धान्याची कणगी रिकामी आहे त्याला असे सांगणे सोपे आणि ऐकणे कठीण असते. याउलट, देवावर भार टाकून हातपाय न हलविणाऱ्याची आपल्या भाषेने पुरेशी थट्टा केलेली आहे. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण श्रद्धावान लोकांनीच रचली आणि श्रद्धावान घरांतच ती सर्वाधिक ऐकू येते. म्हणजे खाटेवर पडून राहणे म्हणजे विश्वास नव्हे, हे आपल्या समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे. मग विश्वास म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतो.

त्याचा विचार करण्यास या जिल्ह्याइतके योग्य स्थान दुसरे नसावे. संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नर्सी गावास मानते ते हिंगोली जिल्ह्यातच आहे. शके ११९२ (इ. स. १२७०) हे त्यांचे परंपरेने सांगितलेले जन्मवर्ष. औंढ्याच्या नागनाथ मंदिरात विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला आणि त्यांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, ही कथा येथे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु नामदेवांच्या चरित्रातील ज्या कथांचा आपल्या विषयाशी खरा संबंध आहे त्या त्यांच्या घरातील, चुलीजवळच्या आहेत.

नामदेव शिंपी कुळातील. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, सुना आणि जनाबाई असे मोठे खटले. नामदेवांचे लक्ष विठ्ठलाकडे आणि घरात खाणारी तोंडे अनेक. महिपतींनी 'भक्तविजय' ग्रंथात या दारिद्र्याच्या कथा विस्ताराने सांगितल्या आहेत. एकदा घरात काहीच उरले नाही आणि राजाई हताश झाली तेव्हा केशवशेट नावाचा कोणी सावकार सोन्याच्या नाण्यांची थैली घेऊन दारी आला, ती राजाईच्या स्वाधीन करून निघून गेला. तो विठ्ठलच होता, असे कथा सांगते. आपण बहुधा येथेच थांबतो व म्हणतो, पाहा, देवाने दिले! परंतु कथा येथे थांबत नाही. नामदेव घरी आले, हा सावकार कोण हे त्यांनी ओळखले आणि ते सारे धन त्यांनी वाटून टाकले.

दुसरी कथा परिसाची. पंढरपुरातील परिसा भागवतांकडे परीस होता. त्यांच्या पत्नीने राजाईची दशा पाहून तो थोड्या वेळेपुरता तिला दिला. राजाईने लोखंडाचे सोने केले, बाजारातून जिन्नस आणले, कित्येक दिवसांनी घरात स्वयंपाक झाला. नामदेवांना कळताच त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकला. भागवत धावत आले तेव्हा नामदेवांनी वाळवंटातील मूठभर खडे काढून दिले. ते सारेच परीस निघाले. पुढे भागवत नामदेवांचे शिष्य झाले.

या कथा चमत्कार म्हणून ऐकल्या तर मन सुखावते. तथापि विचारी भाविकाने त्यांकडे राजाईच्या बाजूनेही एकदा पाहावे. तिचा अपराध कोणता? तिने चोरी केली नाही, हाव धरली नाही. मुलांना जेवू घातले. शेजारणीने विश्वासाने दिलेली वस्तू नदीत गेली तर तिने शेजारणीस तोंड कसे दाखवावे? नामदेवांचे वैराग्य थोर खरेच, पण त्या वैराग्याची किंमत मोजणारी व्यक्ती वेगळी होती. महिपतींनी तिचा त्रागा झाकून ठेवलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची आहे. प्रापंचिक माणसाने या कथांतून परीस फेकण्याचा धडा घेऊ नये; तो अधिकार नामदेवांचा. घ्यावयाचे ते एवढेच की, देवाने दिले तरी ते घरात साठविण्यासाठीच दिले आहे असे नामदेवांनी मानले नाही. देव देतो यावर त्यांचा विश्वास होता. देव मलाच देतो, मला हवे तेवढेच देतो आणि मी मागेन तेव्हा देतो, असे मात्र त्यांनी कधी धरले नाही.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे अभिवचन दिले आहे. हा श्लोक पाठ नाही असा भाविक विरळा. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य याच श्लोकातून घेतले, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात असेल. त्यात विनोद शोधणाऱ्यांनी शोधावा. परंतु १९५६ साली स्थापन झालेल्या, हप्ते गोळा करून विधवेला व पोरक्या मुलांना रक्कम देणाऱ्या संस्थेने हे वचन निवडावे यात अर्थ आहे. शंकराचार्यांनी या शब्दाची फोड करताना जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम, असे सांगितले. रक्षण हा शब्द महत्त्वाचा आहे. बियाणे राखून ठेवणे, पीकविमा वेळेत भरणे, दागिना मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करणे, हेही क्षेमच होय. जो मनुष्य देवावर विश्वास म्हणून पीकविमा भरत नाही तो वचनाचा अर्धाच भाग वाचतो.

त्याच श्लोकात अनन्य चिंतनाची अटही आहे. अनेकांची समजूत अशी की, चिंतन हा हप्ता आणि योगक्षेम ही त्याची परतफेड. परंतु अनन्य म्हणजे दुसरे काही मनात नसणे. ज्याच्या मनात परतफेड आहे त्याच्या मनात दुसरे काही आहेच. तेव्हा हे वचन सौदा म्हणून वाचता येत नाही. सौदा म्हणून वाचले की ते हाती लागत नाही.

आता दुसऱ्या एका घराकडे वळू. देहूच्या तुकाराम महाराजांचे घर मुळात खाऊनपिऊन सुखी होते. वडील बोल्होबा यांचा व्यापार व सावकारी होती, गावात मान होता. वडील गेले, धंदा बुडाला आणि त्यातच १६२९ ते १६३२ या काळातील भयंकर दुष्काळ आला. त्या दुष्काळात महाराजांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. महाराष्ट्रातील सर्वांत थोर भक्तांपैकी एकाच्या घरी, विठ्ठलाच्याच गावात, अन्नावाचून मरण आले. देव भक्ताला उपाशी ठेवत नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने हा प्रसंग आठवावा आणि थोडे थांबावे.

त्यानंतर तुकाराम महाराजांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. परंतु या प्रसंगातील एक बारकावा पुष्कळदा सांगावयाचा राहून जातो. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपणास प्रपंच चालवावयाचा आहे असे म्हटल्यावर महाराजांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ आपला वाटा पाण्यात सोडला. देवावर भरवसा ठेवताना किती आणि कोणाचे पणाला लावावे, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. भरवसा स्वतःच्या वाट्यावर ठेवावयाचा असतो. भावाच्या वाट्यावर, बायकोच्या स्त्रीधनावर, मुलाच्या शिक्षणाच्या पैशावर ठेवलेला भरवसा हा भरवसा नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली उदारी होय. आणि त्या बुडालेल्या खतांमुळे दुष्काळाने गांजलेल्या ऋणकोंच्या घरी काय झाले असेल? त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी देवानेच दिले. ते देण्यासाठी एका दरिद्री झालेल्या माणसाचा हात लागला, इतकेच.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही हेच सांगते. बादशहाची धान्याची कोठारे त्यांनी दुष्काळात लोकांसाठी उघडली आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपाने त्याचे मोल चुकते करून आला. क्रम पाहावा. कोठार आधी उघडले गेले, देव नंतर आला.

जवळा बाजार, औंढा, वसमत या पट्ट्यातील शेतकऱ्यास हे तत्त्वज्ञान वेगळ्या मार्गाने ठाऊक आहे. हळदीचेच पाहा. मे-जून महिन्यांत बेणे जमिनीत जाते. ते महाग असते आणि एकरी पुष्कळ लागते. पुढे आठ-नऊ महिने खत, पाणी, भर लावणे. अतिवृष्टी झाली की कंद कुजतो, पानांवर करपा येतो. माघ-फाल्गुनात काढणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. एवढे झाल्यावर भाव ठरतो आणि तो शेतकऱ्याच्या हाती नसतो. २०१० साली क्विंटलला दहा हजारांच्या पुष्कळ वर गेलेली हळद २०१२ साली चार हजारांच्या आसपास आली होती. ज्यांनी चढा भाव पाहून उसनवारीने लागवड वाढविली त्यांचे काय झाले हे या भागात सांगावे लागत नाही. आणि तरीही पुढच्या मे महिन्यात बेणे जमिनीत गेलेच. यास कोणी नाइलाज म्हणेल. नाइलाज आहेच, परंतु बेणे मातीआड करताना शेतकरी हात जोडतो ती केवळ रीत नव्हे. जे आपल्या हाती आहे ते पूर्ण करून झाल्यावर जे हाती नाही त्यापुढे तो हात जोडतो. हात जोडण्यापूर्वी त्यांना माती लागलेली असते, हा खाटेवरच्या माणसात आणि त्याच्यात फरक आहे.

वारीचा काळही असाच अवघड. पालखी जवळा बाजारला पोहोचते तेव्हा पेरणी तोंडावर असते. घर सोडून निघालेला वारकरी पेरणी देवावर टाकतो, असे आपण कौतुकाने म्हणतो; प्रत्यक्षात तो ती मुलावर, भावावर, शेजाऱ्यावर सोपवून आलेला असतो. आणि वाटेत त्याच्या भाकरीची चिंता गावोगावचे लोक करतात. देवाच्या देण्याला इतके हात असतात की, त्यांत देव कोठे आणि माणूस कोठे हे वेगळे काढणे कठीण. ते वेगळे काढण्याची गरजही कदाचित नसावी.

या भागातील वृद्धांस १९७२ चा दुष्काळ आठवतो. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या काळी मराठवाड्यातील हजारो स्त्री-पुरुष खडी फोडावयास, नालाबांध घालावयास, तलाव खणावयास गेले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग त्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडला. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि पुढे देशानेही २००५ साली तशा स्वरूपाचा कायदा केला. त्या कामांवर गेलेल्यांत माळकरी होते, एकादशी धरणारे होते. कामावर जाणे म्हणजे देवावर अविश्वास, असे त्यांपैकी कोणास वाटले नाही. सायंकाळी हाताला फोड आणि मुखी नाम, असेच ते दिवस गेले.

अगदी अलीकडे, २०२० साली, देवस्थानांवरच ही वेळ आली. मार्च महिन्यात राज्यातील मंदिरे बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली. २०२१ मध्ये एप्रिलपासून पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. पायी वारीही त्या दोन वर्षी नेहमीसारखी निघाली नाही. दर्शन थांबले तसे बेल-फुले विकणारी बाई, प्रसादाची दुकाने, रिक्षावाले, पूजा सांगणारे यांचे उत्पन्न एका दिवसात थांबले. देवाच्या दारी बसणाऱ्यांचीच जर अशी अवस्था, तर दूरच्याने काय आशा धरावी, असा विचार अनेकांच्या मनात आला. त्याच महिन्यांत राज्यातील अनेक देवस्थानांनी दानातून अन्नाची पाकिटे वाटली, औषधोपचारास साहाय्य केले. भाविकांनी पूर्वी पेटीत टाकलेली नाणी अशा प्रकारे बाहेर आली. दान देताना ते कोणाच्या मुखी पडेल हे देणाऱ्यास ठाऊक नसते. ते नसणेच बरे.

दानाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, जरी देवस्थानच्या पुस्तिकेत ती वाचून कोणास नवल वाटेल. आर्थिक ओढगस्त आली की काही भाविक कर्ज काढून नवस फेडतात. संकट आले ते नवस राहिल्यामुळेच, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. याला शास्त्राचा आधार नाही. आपल्या कुटुंबाच्या पोषणास बाध न येईल इतकेच दान करावे, असे याज्ञवल्क्य स्मृतीने स्पष्ट म्हटले आहे आणि तिच्यावरील प्रसिद्ध 'मिताक्षरा' टीका येथून फार दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, विज्ञानेश्वरांनी लिहिली. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) तर गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून सण, लग्न व यात्रा करणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली. लोकांच्या पैशातून ज्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःच्या कुटुंबास त्यातील काही घेऊ दिले नाही त्यांचा तो अधिकार होता. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, पावती घ्यावी, विश्वस्त संस्थेचे हिशेब तपासले जातात की नाही हेही खुशाल विचारावे. ज्याच्याकडे नाही त्याने बेलाचे पान वाहावे आणि पेटीकडे न पाहता प्रसाद घेऊन जावे. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे. तेथे उतरताना धनिक आणि निर्धन दोघांनाही सारखेच वाकावे लागते.

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न. सर्व काही केले, मेहनत केली, हात जोडले, आणि तरीही मदत आली नाही तर? गेल्या काही दशकांत मराठवाड्यात कर्जाने खचून ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांत माळ घातलेले, वारी केलेले लोकही होते. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणणे क्रूरपणाचे आणि असत्य आहे. त्यांच्याविषयी देवास काय विचारावे ते ज्याने त्याने विचारावे. पण त्यांच्याविषयी शेजाऱ्यांना, सोयऱ्यांना, पतसंस्थेला, बँकेला आणि देवस्थानांनाही काही विचारता येण्यासारखे आहे. अशा घरी पुष्कळदा पैशाच्या आधी बोलणे आटलेले असते. मनुष्य देवापुढे बोलतो, माणसांपुढे लाजतो. ज्याच्या मनात असे विचार येत असतील त्याने घरातील एकास तरी सांगावे. सांगण्यासारखे जवळ कोणी नसेल तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा आहे, तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक भक्तीच्या लेखात शोभत नाही असे ज्यांना वाटेल त्यांनी दामाजीपंतांचे कोठार आठवावे.

आणि देवाकडे तक्रार करण्याविषयी म्हणाल, तर त्याबाबत आपली परंपरा फार उदार आहे. नामदेवांच्या गाथेत त्यांच्या घरातील इतरांच्या नावांवरही अभंग आहेत आणि त्यांत राजाईचेही आहेत. घरात काही नाही, नवऱ्याला प्रपंचाची शुद्ध नाही, हे गाऱ्हाणे तिने त्यांत रखुमाईपुढे आणि विठ्ठलापुढे मांडले आहे. पिढ्यानुपिढ्या गाथेच्या प्रती करणाऱ्यांनी ते गाळले नाही, मवाळ केले नाही. नामदेवांच्या अभंगांबरोबर तेही उतरवून घेतले. नर्सीला जाणाऱ्या भाविकाने नामदेवांचे दर्शन घ्यावे, आणि त्या घरची चूल जिने चालविली तिच्या नावाने तेथे क्षणभर थांबावे.